रेघेसर

बिस्किटाचा पुडा हाती आला की माणसं तो फोडतात. आमचे सर आधी तो वाचायचे. नाव नाही, किंमत नाही; मागच्या कोपऱ्यातल्या काळ्या उभ्या रेघा. पुडा वीतभर लांब धरायचा, रेघांखालचे आकडे अंगठ्याने झाकायचे आणि पाढे म्हणावेत तसं "आठ, नऊ, शून्य…" सुरू करायचं. दुकानातलं यंत्र लाल उजेड टाकून जे वाचतं, ते हा माणूस नुसत्या डोळ्यांनी वाचायचा. कुठली रेघ जाड, कुठली बारीक, दोघींमधली फट केवढी, एवढ्यावरून आकडा. अंगठा बाजूला केला की खाली नेमके तेच आकडे. कंपनीत नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी सरांशी पैज हरून तो सगळ्यांना चहा पाजायचा. मीही पाजला होता.

त्यावरून त्यांना रेघेसर हे नाव पडलं. खरं आडनाव वेगळंच होतं, ते फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. कुरिअरवाले, गिऱ्हाइकं, बँकेतली माणसं त्यांना सरळ रेगे समजत. एकदा तर उपवर मुलीचे एक वडील रेगे आडनावाच्या इंजिनिअर स्थळाची चौकशी करत थेट आमच्या गाळ्यात येऊन बसले. सरांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, मुलीची पत्रिकासुद्धा कौतुकाने पाहिली आणि मग म्हणाले, "नावात एक अक्षर चुकलंय आणि वयात पंचवीस वर्षं. बाकी माहिती बरोबर आहे." ते गृहस्थ जाताना हसत गेले, पण त्यांना नक्की काय झालं ते कळलं नसावं.

कंपनी म्हणजे वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतले दोन गाळे. एका बाजूला प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या, दुसऱ्या बाजूला पंख्यांची पाती, आणि मध्ये आम्ही. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. वस्तू यंत्रासमोर धरून बिल करायची नवलाई मुंबईत नुकती आली होती, वसईत ती ऐकूनच माहीत. छापलेल्या रेघांचा फोटो काढून त्या दुकानातल्या यंत्राला वाचता येतील की नाही, हे सांगणारं उपकरण आम्ही तयार करत होतो. त्यातली भिंगाची आणि उजेडाची बाजू सरांची. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन नुकतीच तिथे चिकटले होते आणि आचोळ्याहून यायची, म्हणून सरांनी पहिल्या दिवसापासून मला 'आचोळे' करून टाकलं. "विमानाला कुठे बारसं करून नाव ठेवतात? हाक मारायला काहीतरी लागतं, एवढंच," ते म्हणाले. हा माणूस मध्येच विमान कुठून आणतो, ते मला तेव्हा कळलं नाही.

सरांचं गिऱ्हाइकांशी वागणं बघण्यासारखं असायचं. विरारचे एक कुंकू-अगरबत्तीवाले शेठ एकदा तणतणत आले. त्यांच्या पुड्यावरच्या रेघा मुंबईतलं एकही यंत्र वाचेना. पुडा पाहिला तर रेघा लालभडक छापलेल्या. "साहेब, देवाच्या वस्तूवर काळं कसं छापू? कुंकवाच्या पुडीवर काळ्या रेघा पाहून बाई घेईल का?" शेठ विचारत होते. आम्ही तोंड दाबून हसत होतो. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी कोपऱ्यात पडलेला लाल जिलेटिन कागद शेठच्या डोळ्यांसमोर धरला आणि पुड्याकडे बघायला सांगितलं. रेघा गायब! "यंत्राचा डोळा असा लाल असतो शेठ. त्याला लाल आणि पांढरं एकच." शेठचा चेहरा पडला. मग सर म्हणाले, "पण हिरवं त्याला काळंच दिसतं. हिरवा चुडा चालतो ना देवीला? मग गडद हिरव्या रेघा छापा." पुढे कित्येक वर्षं त्या कुंकवाच्या पुड्या हिरव्या रेघा घेऊन विकल्या गेल्या. हिरव्या रेघांचं कोडं कोणाला पडलं असेल तर त्याचं उत्तर हे आहे.

विमानाचा उलगडा मला सोमवारांमुळे झाला. दर सोमवारी सर नाक आणि मान भाजून यायचे, आणि डोळ्यांभोवती मात्र चष्म्याच्या आकाराचे दोन गोरे गोल. मला वाटलं, वाडीत राबत असतील. नंदाखालच्या पुढे त्यांची केळीची आणि नारळाची छोटी वाडी होती, आणि खाडीच्या अंगाला थोडं भात. मग कोणीतरी सांगितलं की सर शनिवार-रविवार जुहूच्या छोट्या विमानतळावर एका फ्लाइंग क्लबमध्ये विमान चालवायला शिकवतात. कॉलेजात एनसीसीच्या हवाई विभागात होते, तिथे चटक लागली ती लागलीच. "मग एअरलाइनमध्ये का नाही गेलात?" मी विचारलं. "तिथे पोचवायचं असतं. मला शिकवायचं असतं," ते म्हणाले आणि पुन्हा भिंग पुसायला लागले.

विमानाची शिस्त त्यांनी स्कूटरलाही लावली होती. माणिकपूरच्या रिक्षा स्टँडजवळ ती उभी असायची. निघण्याआधी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा, दोन्ही चाकांवर लाथ, टाकीचं झाकण उघडून आत डोकावणं, मग ब्रेक, मग आरसा, आणि प्रत्येक गोष्ट तोंडाने मोठ्यांदा म्हणायची. "पेट्रोलचा काटा अडकतो, डोळा नाही," असं त्यांचं म्हणणं. रिक्षावाल्यांची रोजची करमणूक व्हायची. "कॅप्टन, रनवे खाली है, जाने दो!" असं कोणीतरी ओरडायचं. सर गंभीरपणे हात वर करून परवानगीबद्दल आभार मानायचे आणि ताशी वीसच्या वेगाने निघून जायचे. त्यांना सायकलवाले मागे टाकत.

मला विमानात बसवलं तेही त्यांनीच. क्लबात त्या वर्षी मुलींसाठी एक शिष्यवृत्ती निघाली होती. एकटीने विमान उडवेपर्यंतचं शिक्षण तिच्यात बसत होतं; पुढचं ज्याचं त्याने बघायचं. पुढचं बघण्यासारखी आमच्या घरची परिस्थिती नव्हती, हे मला आधीच ठाऊक होतं. वसईत नोकरी लागली म्हणून पेढे वाटणारे माझे वडील हे ऐकून खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत. आई म्हणाली, "पडलीस तर?" मी म्हणाले, "तर खालीच येईन." हे उत्तर सरांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "आईला असं परत बोलू नकोस. त्यांना रात्री झोप लागली नसेल."

आईंची झोप हा त्यांचा अनुभवाचा विषय होता. त्यांची म्हातारी रविवारी सर घरी पोचेपर्यंत अन्न शिवत नसे. मला वाडीवर पहिल्यांदा नेलं तेव्हा ती ओट्यावर केळीची पानं पुसत बसली होती. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "काय गो, तूच का ती माज्या बालाच्या इमानात बसनारी?" मी हो म्हणाले. "लगीन कर, लगीन कर म्हनून माजी जीभ झिजली. यानं इमानाशीच केलं. बस, पानी पी." मग मला आत नेऊन हळूच सांगितलं की गावदेवीला नवस बोलून ठेवलाय, याचं उडनं बंद होऊ दे, साडी नेसवीन, नारलाचं तोरन बांदीन. बाहेर सर ओरडले, "आई, नवसाचं सांगितलंस का तिला? सगळ्या गावाला सांगून झालंय." म्हातारी पदरात तोंड लपवून हसली.

आकाशात सर वेगळे असायचे. पहिला फरक म्हणजे त्यांच्या बोलण्यातला ण पळून जायचा. ऑफिसात पाणी म्हणणारा माणूस वर गेला की "पानी नको बघू, समोर बघ" म्हणायचा. दुसरा फरक हातांचा. शिकवणाऱ्याचा हात सतत विमान वळवायच्या दांड्याजवळ फिरत असतो, आणि तो फिरला की शिकणाऱ्याची छाती धडधडते. सरांचे दोन्ही हात मांडीवर, पालथे. विमान कोणाच्या ताब्यात आहे हे सांगायला इंग्रजीत एक लांब वाक्य आहे, ते रेडिओवर बोलल्यासारखं म्हणतात. सर म्हणायचे, "तुझं." तेवढंच. आणि काही बिनसलं तर शांतपणे, "माझं." बाहेर समुद्र कलंडलेला, माझ्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि शेजारून हा एक शब्द. मग समुद्र जागेवर यायचा आणि पुन्हा, "तुझं." माझ्या आयुष्यात कोणी मला एवढी मोठी वस्तू एवढ्या कमी शब्दांत दिलेली नाही.

रागवायचेही ते तसेच. एकदा मी विमान असं आपटलं की ते बेडकासारखं तीन उड्या मारत गेलं. मला वाटलं, आता खैर नाही. धावपट्टी संपल्यावर सर म्हणाले, "तीन लँडिंग झाली. वहीत एकच लिहिता येतं, बाकीची दोन फुकट गेली." दुसऱ्या खेपेला मी घाबरून घाईघाईने एकेक बटन चाचपडत होते, तर म्हणाले, "घाई झाली ना? मग हळू कर." हे वाक्य मी पुढे स्वयंपाकघरात, दवाखान्यात, मुलाच्या शाळेत, सगळीकडे वापरलंय. कुठेही वाया गेलं नाही.

शिष्यवृत्तीतले तास संपत आले होते. एकटीने उडायचा दिवस पुढच्या महिन्यात, असं सरांनी ठरवलं होतं. त्या दिवशी शिकवणारा धावपट्टीच्या कडेला उतरतो आणि दार लावून घेतो. मग विमानात तुम्ही एकटेच. सर उतरून दार लावतील आणि मी जाईन, हे चित्र मी रोज झोपण्यापूर्वी डोळ्यांसमोर आणायची. दार लावणारे सर नसते तर त्या चित्रातलं बाकीचं मला नकोच होतं.

आणि त्याच सुमारास सरांचं आणि छापखान्याच्या पास्कलकाकांचं वाजलं. आमच्या उपकरणाची चाचणी घ्यायला लागणाऱ्या रेघांचे कागद माणिकपूरच्या पास्कलकाकांकडून छापून यायचे. एरवी दोघांचं सख्य. नाताळात त्यांच्याकडून केक यायचा, सरांकडून केळीचा घड जायचा. पण त्या महिन्यात सरांनी कागदांचा गठ्ठा परत पाठवला. पुन्हा छापून आला, पुन्हा परत. "मधल्या रेघा पोट काढतायत," एवढीच तक्रार. तिसऱ्यांदा परत गेला तेव्हा पास्कलकाका स्वतः गठ्ठा काखेत मारून आले. गोरेपान माणूस, रागाने लालबुंद झालेला. "सर, माझ्या बापाच्या वेळेपासून या छापखान्यात लग्नपत्रिका छापतात. लग्नं वाकडी गेली असतील, पत्रिका एक वाकडी गेली नाय!"

सर म्हणाले, "आचोळे, यंत्राखाली घाल. पास्कलला दाखव."

मी कागद उपकरणाखाली सरकवला. फोटो पडद्यावर आला, खाली निकाल आला. सर्वात वरची श्रेणी. मी पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सर, रेघ सरळ आहे."

"पुन्हा घे."

मी कागद फिरवून पुन्हा घेतला. निकाल तोच. पास्कलकाकांचा चेहरा खुलला होता, पण मला ते वाक्य दुसऱ्यांदा म्हणायचं नव्हतं. "सरळच आहे, सर."

सरांनी कागद हातात घेतला. एक डोळा मिटून पाहिला, मग दुसरा मिटून पाहिला. कागद खाली ठेवून टेबलावरची पोलादी पट्टी उचलली आणि तिची कड डोळ्यांसमोर धरली. गाळ्यात शेजारच्या बादल्यांच्या यंत्राचा धाडधाड आवाज तेवढा येत होता. पट्टी हलकेच ठेवून ते म्हणाले, "पास्कल, पट्टीसुद्धा पोट काढतेय. माफ कर मला. छपाई चांगली आहे. मीच बिघडलोय."

पास्कलकाकांना हे आधी थट्टेचं वाटलं. मग कळलं आणि ते गठ्ठा तिथेच टाकून सरांना आपल्या टेंपोत घालून डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते मला आता आठवत नाही. डोळ्याच्या पडद्यामागे कुठेतरी पाझर होता. एका डोळ्यात पुष्कळ, दुसऱ्यात नुकती सुरुवात. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. आणि ते थांबवायचा खात्रीचा उपाय त्यांच्याकडे नव्हता.

विमानवाल्यांची दर वर्षी डोळ्यांची तपासणी होते. सरांची झालेली होती, पुढची यायला पुष्कळ अवधी होता. म्हणजे कागदावर ते अजून विमानात बसू शकत होते. मी त्यांच्यासमोर जवळजवळ रडतच म्हणाले, "सर, कोणाला कळणारसुद्धा नाही. एवढा माझा एक दिवस होऊ द्या. मग थांबा." सर रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आचोळे, मला धावपट्टी वाकडी दिसत असताना मी तुला सरळ उतर असं कुठल्या तोंडाने सांगू?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी क्लबात जाऊन स्वतःहून सांगितलं. तिथे त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून दिलं, असं नंतर तिथल्या मेकॅनिकने मला सांगितलं. सरांनी मला फक्त इतकंच सांगितलं की क्लबातला चहा हल्ली फारच पाणचट झालाय.

म्हातारीला सांगायची वेळ आली तेव्हा मी तिथेच होते. ऐकल्यावर तिने जो टाहो फोडला तो आजही माझ्या कानात आहे. "आई गो, मी उडनं बंद कर म्हनलेलं! मी डोले नव्हते दिले गो! डोले कोनी मागितले?" ती गावदेवीच्या दिशेने हात करून भांडत होती, मध्येच स्वतःच्या तोंडात मारून घेत होती. सर तिच्या पायाशी बसले. तिचे दोन्ही हात धरून म्हणाले, "आई, ऐक. डॉक्टर म्हनले, हे जन्मापासून व्हतं. तुझा नवस तर आत्ताचा. देवीचा यात हात नाय." डॉक्टर असं काहीही म्हणाले नव्हते. म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मीही मान डोलावली. मग तिने पदराने त्यांचा चष्मा पुसला, काहीतरी उपयोग होईल अशा आशेने.

माझा दिवस ठरल्याप्रमाणेच आला. शिकवणारे नवे होते, तरुण, भराभर बोलणारे, चांगले होते बिचारे. सर येणार नाहीत असं मी धरून चालले होते, पण सकाळी पास्कलकाकांचा टेंपो आचोळ्याला आमच्या इमारतीखाली उभा राहिला आणि पुढच्या सीटवर सर बसलेले, इस्त्रीचा शर्ट घालून. जुहूला पोचल्यावर ते धावपट्टीपासून लांब, मेकॅनिकच्या शेडजवळ जाऊन उभे राहिले. नव्या सरांनी माझ्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या, मग विमान थांबवायला लावलं, उतरले आणि दार लावून घेतलं.

एकटीने उडताना काय वाटलं, असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर सगळ्यात आधी जाणवलं ते वजन. एक माणूस कमी झाला की ते छोटं विमान चटकन उचललं जातं, भसाभस वर चढतं. ते हलकेपण मला अजिबात आवडलं नाही. उजवीकडची सीट रिकामी, तिचा पट्टा नीट बांधून ठेवलेला. मी मोठ्यांदा म्हणाले, "तुझं." कोणीतरी म्हणायला हवं होतं. मग समुद्र आला, मग वळण, पुन्हा वळण, चौपाटी, घरांची छपरं, आणि समोर धावपट्टी. सरळ होती.

उतरल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, रिवाजाप्रमाणे डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. मी तशीच निथळत शेडकडे धावले. सर म्हणाले, "चाकं एकदाच वाजली. छान." तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी मला पाहिलं नव्हतं. ऊन, चकाकी आणि डोळ्यांच्या मधोमध तो डाग. शेजारच्या मेकॅनिकला ते सारखं विचारत होते, "आता कुठे आहे? आता?" आणि शेवटी त्यालाही गप्प करून नुसता आवाज ऐकत राहिले होते. मी रडायला लागले. "अगं, एवढं पाणी ओतलंय त्यांनी, आणखी कशाला?" ते म्हणाले.

परत येताना टेंपोत आम्ही तिघं पुढे बसलो होतो. दहिसर गेलं, खाडीचा पूल आला, तेव्हा सर म्हणाले, "आता सांग."

"काय सांगू?"

"सगळं. उचललंस तिथपासून. काय काय दिसलं?"

मी म्हणाले, "सर, तुम्ही तर हजार वेळा पाहिलंय."

"नाही गं," ते म्हणाले. "मी कुठे बघितलं? मी आयुष्यभर शिकणाऱ्याचे हात बघितले. बाहेर बघायचं राहून गेलं. वाटलं, आहे तिथेच आहे, बघू कधीतरी."

पास्कलकाकांनी टेंपो हळू केला. मी सांगत गेले. समुद्र चौपाटीजवळ मातकट होता आणि पुढे गेल्यावर हिरवा झाला. होड्या होत्या. एका गच्चीवर कोणीतरी पापड वाळत घातले होते. "किती गोल? मोठे?" सरांनी विचारलं. मी हातांनी दाखवलं आणि मग लक्षात आलं की तोंडाने सांगायला हवं. वसई येईपर्यंत मी एकच फेरी सांगत होते, आणि ती फेरी प्रत्यक्षात चहा निवायच्या आत संपली होती.

ती माझी पहिली आणि शेवटची. शिष्यवृत्ती संपली, पुढचं घरच्यांना झेपणारं नव्हतं, आणि मी फार हट्टही धरला नाही. लग्न होऊन पुण्याला आले. सर काही वर्षं कंपनीत राहिले. भिंगं बोटांनी चाचपून बसवायचे म्हणे. म्हातारी गेल्यावर वाडी कसायला दुसऱ्याला देऊन ते पालघरला बहिणीकडे राहायला गेले. रविवारी दुपारी मी त्यांना फोन करायची. तब्येत, पाऊस, पास्कलकाकांचे गुडघे एवढं झालं की ते म्हणायचे, "हं, सांग." आणि मी ती फेरी सांगायची. दर वेळी त्यांना नवं काहीतरी हवं असायचं. वाळूवर पोरं कुठला खेळ खेळत होती? पापडवाली बाई वर बघत होती का? आठवत नसेल ते मी रचायची. सरांना ते कळत असावं. त्यांनी मला कधी पकडलं नाही. नवरा थट्टा करायचा, "तुझं विमान दर रविवारी कसं काय उडतं?" पण फोनचं बिल आलं की तो एक शब्द बोलायचा नाही.

शेवटच्या फोनला त्यांचा आवाज खोल गेला होता. छातीत कफ झाला होता, दवाखान्यातून नुकतेच घरी आणले होते. बहिणीने फोन त्यांच्या कानाशी धरला असावा. तब्येत वगैरे काही नाही, एकदम "सांग" म्हणाले. मी सांगू लागले. उचललं, समुद्र, वळण, होड्या, दुसरं वळण, चौपाटी, छपरं. समोर धावपट्टी दिसायला लागली तिथे आले तेव्हा ते म्हणाले, "आचोळे, इतक्यात उतरू नको."

मी थांबले.

"आनखी थोडी फिर. वसईकडे ने."

वसईवरून मी एकटीने कधी गेले नव्हते. तरी नाक वर केलं आणि उत्तरेला वळवलं. गोराई आली, उत्तन आलं, खाडी आली. पाणी सरलं होतं, चिखलात होड्या कलंडल्या होत्या. मिठागरांत मिठाचे ढीग होते. किल्ल्याचा तट, त्यावर उगवलेली झाडं, आत कोणीतरी गुरं सोडलेली. माणिकपूरच्या चर्चसमोर लग्नाची गर्दी होती. नंदाखालच्या वाड्यांवर आले तेव्हा केळीच्या पानांवर ऊन चमकत होतं आणि पाटाचं पाणी कोणीतरी नुकतंच सोडलं होतं. मी त्यांच्या ओट्याचं सांगितलं, शेणाने नुकताच सारवलेला. पलीकडून श्वास ऐकू येत होता, म्हणून मी आगाशीकडे गेले, अर्नाळ्याला गेले, समुद्रावरून वळून पुन्हा वाड्यांवर आले. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी आणखी खाली घेतलं, नारळ मोजता येतील इतकं.

मग फोनवर बहिणीचा दबका आवाज आला. "पोरी, झोप लागली त्याला. आता ठेव."

मी फोन ठेवला. पुढच्या रविवारच्या आधीच पास्कलकाकांचा निरोप आला. मी पालघरला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

फोन ठेवला त्या दुपारी मी वसईवरच होते. तिथून परत येऊन उतरायचं राहून गेलं.